आवाज एकीचा, मुखडा दुसरीचा

आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा एक कर्ण्याचा ग्रामोफोन होता आणि त्याबरोबर वीसपंचवीस जुन्या तबकड्या होत्या. त्यांवरील गाणीं आम्हां मुलांना फारशीं कळत नसत. परंतु कित्येक तबकड्यांच्या शेवटीं एक गंमत असे, आणि तिची आम्ही कान टवकारून वाट पाहत असूं. गाणें संपतें न संपतें तोंच गाणारी बाई घाईघाईनें आपलें नांव सांगे, आणि मग सुई खरखरत मध्यभागीं जाई. त्या नांवाची नक्कल करण्यांत आमच्या कित्येक दुपारी गेल्या.

मोठेपणीं त्यामागचें कारण कळलें. १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत कलकत्त्यास गोहरजान ह्यांचें गाणें प्रथम मुद्रित झालें, तेव्हां तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें धाडाव्या लागत. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें आणि तबकडीच्या चिठ्ठीवर नांव बरोबर पडावें, म्हणून गोहरजान गाण्याच्या अखेरीस आपलें नांव इंग्रजींत सांगत. ही सोय कारखान्याची होती खरी. पण तिच्यामुळें न्यायाची एक मोठी गोष्ट आपोआप घडून येई. आवाज आपली सही आपणच करीत असे.

आज मी ज्या गायिकेची हकीकत सांगणार आहें, त्यांना आपल्या आवाजाखालीं ही सही करतां यावी म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांचें नांव मार्था वॉश. त्या अमेरिकन आहेत. 'सोल' आणि 'हाऊस' ह्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या संगीतांत त्यांचा अधिकार मोठा आहे. आपल्यापैकीं अनेकांनीं त्यांचें नांव ऐकलें नसेल. आवाज मात्र बहुतेकांनीं कोठें ना कोठें, एखाद्या लग्नाच्या वरातींत किंवा क्रीडांगणावर, ऐकलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. नांव ठाऊक नाहीं आणि आवाज ठाऊक आहे, हेंच त्यांच्या आयुष्याचें मर्म होय.

मार्थाबाईंचा जन्म २८ डिसेंबर १९५३ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं झाला. घर धर्मपरायण होतें, आणि गाण्याचा संस्कार झाला तो चर्चमध्यें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील ह्या गाण्यास 'गॉस्पेल' म्हणतात. त्याची रीत आपल्या भजनाची आठवण करून देणारी आहे. एकानें ओळ टाकावी, सर्वांनीं ती उचलावी, टाळ्यांच्या ठेक्यावर लय चढत जावी, आणि मुख्य गायकाला रंग भरला म्हणजे शब्द बाजूस राहून नुसता स्वर घुमत रहावा. हीच गायकी चर्चबाहेर आणून तिला संसारांतील प्रेमाचे आणि विरहाचे शब्द दिले गेले, तेव्हां १९५० नंतरच्या दशकांत 'सोल' संगीत जन्मास आलें. रे चार्ल्स ह्यांनीं ती वाट पाडली, आणि एका धर्मोपदेशकाची कन्या अरेथा फ्रँकलिन ह्यांनीं पुढें तिचा राजमार्ग केला. मार्थाबाईंचा गळा ह्याच परंपरेंत घडला. तो भारदस्त आहे, वरच्या सप्तकांत गेला तरी पातळ होत नाहीं, आणि वाद्यांचा कितीही गलबला असला तरी त्यांतून आरपार निघून येतो.

१९७६ च्या सुमारास सॅन फ्रॅन्सिस्कोमधील सिल्व्हेस्टर नांवाचे गायक साथीला गाणाऱ्या गायिकांच्या शोधांत होते. सिल्व्हेस्टर पुरुष असून उंच स्त्रीस्वरांत गात, आणि पोशाखही पुष्कळदां स्त्रियांचा भरजरी करीत. आपल्या रंगभूमीची परंपरा ज्यांस ठाऊक आहे त्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. मार्थाबाईंचें गाणें ऐकून ते इतके प्रसन्न झाले कीं, अशाच अंगलटीची आणि अशाच गळ्याची आणखी कोणी मैत्रीण आहे काय, असें त्यांनीं विचारिलें. मार्थाबाईंनीं आपल्या गॉस्पेल मंडळींतील आयझोरा ऱ्होड्स ह्यांना नेलें. दोघीही देहानें चांगल्याच स्थूल होत्या, आणि त्याचा संकोच न बाळगतां त्यांनीं आपल्या जोडीचें नांव ठेविलें 'टू टन्स ओ' फन', म्हणजे दोन टन मौज.

१९७८ सालीं सिल्व्हेस्टर ह्यांच्या 'यू मेक मी फील' आणि 'डान्स' ह्या गाण्यांनीं अमेरिकेंतील व युरोपांतील नृत्यगृहें दणाणून सोडलीं. तो 'डिस्को' संगीताचा भरभराटीचा काळ होता. ११ मार्च १९७९ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ऑपेरागृहांत सिल्व्हेस्टर ह्यांचा जो जलसा झाला, त्यांत ह्या दोघींचा वांटा साथीदारांपेक्षां पुष्कळच अधिक होता. पुढें त्यांनीं आपली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढिली, आणि १९८२ सालीं 'इट्स रेनिंग मेन' हें गाणें म्हटलें. पॉल जबारा व पॉल शॅफर ह्यांची ही रचना डोना समर, डायना रॉस अशा नामांकित गायिकांनीं नाकारिली होती. आकाशांतून पुरुषांचा पाऊस पडतो, ही कल्पना मार्थाबाईंनाही प्रथम थट्टेचीच वाटली. परंतु गाण्यानें नृत्यगृहें जिंकिलीं, आणि १९८४ मध्यें ब्रिटनच्या यादींत तें दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. जोडीचें नांव आतां 'वेदर गर्ल्स' झालें होतें.

इथपर्यंतची हकीकत यशाची आहे. परंतु ह्याच काळांत संगीताच्या जगांत दोन फरक होत होते, आणि पुढील अन्यायाचें मूळ त्यांतच आहे.

पहिला फरक संगीताच्या घडणीचा. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो सुरुंगानें उडवून देण्यांत आला. जमाव इतका बेभान झाला कीं त्या दिवसाचा पुढचा सामनाच होऊं शकला नाहीं. डिस्कोची प्रतिष्ठा ओसरली. परंतु त्याच शहरांतील 'वेअरहाऊस' नांवाच्या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स हे वादक जुन्या तबकड्या एकमेकींत मिसळून, त्यांवर यंत्राचा ठेका चढवून रात्रभर वाजवीत होते. त्या गृहाच्या नांवावरूनच 'हाऊस' हें संगीताचें नांव पडलें, असें सांगतात. मिनिटाला सुमारें १२० ते १२५ मात्रा, चारही मात्रांवर सारखाच ठोका, आणि ढोल, मंद्र स्वर, झांज हें सारें यंत्रांतून निघालेलें. आतां नुसतें यंत्र मनुष्य किती वेळ ऐकेल? त्या लोखंडी ठेक्याला जीव यावा म्हणून वरून एका मानवी आवाजाची गरज भासे, आणि त्यासाठीं गॉस्पेलमध्यें तापून निघालेल्या गळ्यासारखा दुसरा गळा नव्हता. म्हणून हाऊस संगीत जन्मलें यंत्राच्या पोटीं, पण वाढलें सोल गायिकांच्या अंगावर.

दुसरा फरक पाहण्याचा. १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत एम. टी. व्ही. नांवाची दूरचित्रवाणी सुरू झाली आणि गाणें ही पाहण्याची वस्तु झाली. आतां आवाज यंत्राच्या ठेक्याहून बलवान पाहिजे होता आणि देह मात्र वेलीसारखा नाजूक पाहिजे होता. निसर्ग ह्या दोन गोष्टी एके ठिकाणीं नेहमींच देतो असें नाहीं. तेव्हां व्यापाऱ्यांनीं दोन ठिकाणांहून घेऊन त्या एकत्र जोडण्याची युक्ति काढिली.

ह्या युक्तीचा पहिला मोठा फटका मार्थाबाईंच्या आधीं दुसऱ्या एका थोर गायिकेस बसला. शिकागोच्या लोलीटा हॉलोवे ह्यांनीं १९८० सालीं डॅन हार्टमन ह्यांची 'लव्ह सेन्सेशन' ही रचना गाइली होती. १९८९ मध्यें 'ब्लॅक बॉक्स' नांवाच्या इटालियन मंडळीनें त्या तबकडींतील त्यांच्या आवाजाचे तुकडे यंत्रानें कापून घेतले आणि त्यांवर 'राइड ऑन टाइम' हें गाणें उभें केलें. तें ब्रिटनमध्यें सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें आणि त्या वर्षीं तेथें सर्वांत अधिक खपलें. पडद्यावर ओंठ हालवीत होती एक सडपातळ, देखणी तरुणी. हॉलोवेबाईंना अखेर तडजोडीनें मोबदला मिळाला. पण तेव्हां गाणें जगभर होऊन गेलें होतें.

त्याच मंडळीनें आपल्या 'ड्रीमलँड' ह्या १९९० सालच्या संग्रहासाठीं मार्थाबाईंना बोलाविलें. संग्रहांतील सहा गाण्यांत आवाज त्यांचा आहे. त्यांची समजूत अशी होती कीं हे नमुने आहेत, आणि ते ऐकून दुसरी कोणी गायिका तीं गाणीं म्हणणार आहे. दुसरी गायिका आलीच नाहीं. आवाज तोच राहिला आणि त्यापुढें पुन्हां त्या देखण्या तरुणीचा मुखडा आला. 'एव्हरीबडी एव्हरीबडी' आणि 'स्ट्राइक इट अप' हीं गाणीं अमेरिकेच्या यादींत आठव्या क्रमांकापर्यंत पोंचलीं, आणि संग्रहावर मार्थाबाईंना गायिका म्हणून श्रेय नव्हतें. श्रोतेहो, ह्या स्थितीची कल्पना करून पहा. आपण रस्त्यानें चाललों आहों, दुकानांतून आपलाच आवाज येत आहे, आणि दुकानांतील कांचेवर चिकटविलेलें चित्र मात्र दुसऱ्याच कोणाचें आहे!

ही एकच घटना असती तर चूक म्हणून सोडून देतां आली असती. परंतु ह्याच सुमारास 'सिडक्शन' नांवाच्या त्रिकूटाच्या एका गाण्यांतही मुख्य आवाज मार्थाबाईंचा होता आणि श्रेय त्यांचें नव्हतें. आणि १९९० च्या अखेरीस त्याच निर्मात्यांच्या, म्हणजे रॉबर्ट क्लिव्हिलेस व डेव्हिड कोल ह्यांच्या, 'सी अँड सी म्यूझिक फॅक्टरी' ह्या मंडळीचें 'गॉना मेक यू स्वेट' हें गाणें बाहेर पडलें. सर्वांस नाचावयास बोलावणारी त्यांतील ती प्रचंड हांक मार्थाबाईंची होती. १९९१ च्या फेब्रुवारींत तें अमेरिकेच्या यादींत अग्रस्थानीं गेलें. चित्रफितींत ती हांक मारतांना दिसत होत्या झेल्मा डेव्हिस. येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेव्हिसबाई स्वतः गाणाऱ्या होत्या, आणि त्या संग्रहांतील इतर गाण्यांत त्यांचा स्वतःचा आवाज आहे. दुसऱ्याच्या शब्दांवर ओंठ हालविण्यास लावलेल्या ह्या तरुणींना गुन्हेगार समजणें योग्य नव्हे. एकीचा आवाज घेतला गेला, दुसरीचा मुखडा. दोघींनाही संपूर्ण माणूस म्हणून कोणी लेखिलें नाहीं.

मार्थाबाईंनीं न्यायालयाची वाट धरिली. त्यांचें धैर्य कशांत होतें हें ध्यानांत घ्यावयास हवें. अशा गायिकेचें पोट रोजच्या ध्वनिमुद्रणावर चालतें. ठरलेली रक्कम घ्यावी, गाऊन मोकळें व्हावें, आणि पुन्हां बोलावणें येईल म्हणून तोंड मिटून बसावें, हा त्या धंद्याचा अलिखित नियम. जी भांडेल तिला काम कोण देणार? सिल्व्हेस्टर १९८८ सालीं निवर्तले होते आणि आयझोराबाईंशीं असलेली जोडीही फुटली होती. पाठीशीं कोणी नसतां त्यांनीं मोठमोठ्या कंपन्यांशीं दावे मांडले.

काळ त्यांना थोडा अनुकूल ठरला. १९९० च्या नोव्हेंबरांत 'मिली व्हॅनिली' ह्या जोडीचें बिंग फुटलें. त्यांनीं स्वतः एकही गाणें म्हटलें नव्हतें, हें त्यांच्या निर्मात्यानेंच उघड केलें आणि त्यांस मिळालेला ग्रॅमी पुरस्कार परत घेण्यांत आला. लोक विचारूं लागले कीं मग खरें गातें कोण? ब्लॅक बॉक्सच्या प्रकरणीं आर. सी. ए. कंपनीनें तडजोड केली. मार्थाबाईंना पैसा मिळाला, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे स्वतःच्या नांवानें गाण्याचा करार मिळाला. सोनी कंपनीविरुद्धचा दावा १९९१ च्या डिसेंबरांत दाखल झाला आणि १९९४ मध्यें मिटला. त्या चित्रफितीस एक टीप जोडावी, गायन मार्था वॉश ह्यांचें आणि दृश्य-आविष्कार झेल्मा डेव्हिस ह्यांचा असें तींत नमूद करावें, असें सोनीनें एम. टी. व्ही.ला कळविलें. टीप एका ओळीची होती. पण त्या एका ओळीसाठीं तीन वर्षें गेलीं होतीं. ह्यानंतर गाणाऱ्याचें श्रेय लिहिण्याच्या बाबतींत कंपन्या पुष्कळच सावध झाल्या, आणि त्याचा लाभ मार्थाबाईंचें नांवही न ऐकलेल्या कित्येक गायिकांस झाला.

आतां एक शंका आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आली असेल. आमच्याकडे १९३५ पासून, न्यू थिएटर्सच्या बोलपटापासून, पार्श्वगायनाची पद्धत चालू आहे. नटी ओंठ हालविते आणि गाते दुसरीच. मग अमेरिकेंतील ह्या प्रकारांत एवढें काय बिघडलें? शंका रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं आवाज आणि मुखडा वेगळे असणें ह्यांत लबाडी नाहीं. लबाडी आहे ती नांव दडविण्यांत. पार्श्वगायन हा प्रेक्षक आणि निर्माता ह्यांच्यामधला उघड करार आहे. नटीचा अभिनय पहावा, गायिकेचें गाणें ऐकावें, आणि दोघींना आपापली दाद द्यावी.

पण हा करार तरी आपल्याकडे आरंभापासून उघड होता काय? १९४९ सालचा 'महल' बोलपट आठवा. त्यांतील ज्या गाण्यानें लता मंगेशकर ह्यांचें नांव घरोघर गेलें, त्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम नांव छापलें होतें 'कामिनी'. कामिनी हें कोणा गायिकेचें नांव नव्हे. तें चित्रपटांतील पात्राचें नांव. श्रोत्यांनीं आकाशवाणीकडे पृच्छा केली कीं हा आवाज कोणाचा? आकाशवाणीनें कंपनीकडे चौकशी केली, आणि मग नांव जाहीर झालें. पुढें फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनासाठीं स्थान नाहीं म्हणून लताबाईंनीं त्या समारंभांत गाण्याचें नाकारिलें, आणि १९५९ पासून तसें पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. आपल्या देशाच्या कायद्यानें गाणाऱ्याचा हक्क मान्य केला तो १९९४ च्या दुरुस्तीनें; आणि ह्या गायनाचा कर्ता मी आहें, असें ओळखलें जाण्याचा अधिकार लिहून दिला तो २०१२ च्या दुरुस्तीनें. म्हणजे ज्या प्रश्नासाठीं सॅन फ्रॅन्सिस्कोची मार्था वॉश झगडली, तो प्रश्न आपल्याही घरचा आहे.

मार्थाबाईंची पुढील हकीकत आनंदाची आहे. १९९२ सालचें 'कॅरी ऑन' आणि त्यापाठोपाठचें 'गिव्ह इट टू यू' हीं दोन्ही गाणीं अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादींत अग्रस्थानीं गेलीं, आणि ह्या वेळीं चिठ्ठीवर नांवही त्यांचें आणि चित्रही त्यांचेंच होतें. ज्या 'सी अँड सी' मंडळीशीं तंटा झाला, तिच्याच १९९४ च्या एका गाण्यांत त्या झेल्मा डेव्हिस ह्यांच्यासह, दोघींच्याही नांवानें गाइल्या. १९९६ व १९९७ मध्यें टॉड टेरी ह्या निर्मात्याच्या दोन हाऊस गाण्यांत त्यांनीं जोसलिन ब्राउन ह्यांच्याबरोबर भाग घेतला, आणि दोन्ही गाणीं ब्रिटनमध्यें पहिल्या दहांत आलीं. पुढें त्यांनीं 'पर्पल रोझ' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढिली. २०१३ सालीं 'समथिंग गुड' आणि २०२० सालीं 'लव्ह अँड कॉन्फ्लिक्ट' हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. दुसरा निघाला तेव्हां त्यांचें वय ६६ होतें. त्यांच्या जोडीदारीण आयझोराबाई २००४ सालीं आणि लोलीटा हॉलोवे २०११ सालीं वारल्या.

गायिकेचें मोठेपण दाव्यांवरून मोजूं नये, गाण्यावरून मोजावें, असें कोणी म्हणेल. मीही तसेंच म्हणतों. म्हणून त्यांचें एखादें गाणें मिळालें तर अवश्य ऐका. प्रथम ठेका कानांस कर्कश वाटेल. तो थोडा वेळ सोसा. मग तो आवाज येईल. यंत्र एका ठिकाणीं पाय आपटीत उभें आहे आणि त्याच्या डोक्यावरून एक मनुष्य मोकळेपणें चालला आहे, असें वाटेल. चर्चमधल्या बाकावर शिकलेली ती गोष्ट आहे. ती कातरीनें कापतां आली, दुसऱ्याच्या ओंठांवर चिकटवितां आली, परंतु निर्माण मात्र दुसऱ्या कोणास करतां आली नाहीं.

आणि एक विनंति. आपल्या घरीं मुलें गाणीं ऐकत असतील, तेव्हां त्यांना कधीं मध्येंच विचारा, हें कोण गात आहे? मूल बहुधा चित्रपटाचें किंवा नटीचें नांव सांगेल. तेव्हां आणखी एकदां विचारा. हा प्रश्न विचारणारे श्रोते १९४९ मध्यें होते म्हणून कामिनीची लता झाली.

श्रोतेहो, मी आपणांस दिसत नाहीं. मी स्थूल आहें कीं कृश, काळा कीं गोरा, ह्याची आपणांस वार्ता नाहीं, आणि तिच्यावांचून आपलें कांहीं अडलेंही नाहीं. परंतु मी बोलूं लागण्यापूर्वीं निवेदकानें माझें नांव आपणांस सांगितलें. एवढें अगदीं साधें सौजन्य मार्थाबाईंना भांडून मिळवावें लागलें.